फेसाची जागा

सन एकोणीसशे सदुसष्ट. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा, थंडी ओसरत आलेली. त्या आठवड्यात तांबटाने माझ्या काठावर शेवटचा हातोडा मारला आणि मी उभा राहिलो. मी बिअर उकळण्याचा तांब्याचा हंडा. काठोकाठ भरला तर हजार लिटर मावतील एवढा.

मला बोलायची सवय नाही. शिक्षणही नाही. आग कळते, पाणी कळते, पोटात काय चालले आहे ते कळते. तेवढ्यावर मी वर्षानुवर्षे काम केले. आज माझ्या जागी स्टीलचा हंडा बसवला आहे आणि मी मागच्या शेडमध्ये पिंपे धुण्याचे पाणी साठवतो. त्याचे मला वाईट वाटत नाही. म्हातारपणी रिकामे बसण्यापेक्षा पाणी धरलेले बरे.

सांगायचे ते दुसरेच आहे. माझ्या तोंडून एकदा असे काही बाहेर पडले की त्याची लाज अजून गेलेली नाही. हंड्याला कसली लाज, असे कोणी म्हणेल. म्हणू दे.

मला घडवणारा तांबट बुटका होता आणि कमी बोलायचा. घडवून झाल्यावर तो माझ्या आत उतरला आणि छिन्नीने सगळीकडून एक रेघ कोरली. दुखले. पण मी आवाज केला नाही.

मला विकत घेणारे गृहस्थ, ज्यांना सगळे आबा म्हणत, वाकून पाहत होते.

"ही रेघ कसली?"

"आठशे लिटरची. हिच्या वर भरायचं नाही."

"मी हजाराचा हंडा सांगितला होता."

"हजाराचाच आहे. वरचे दोनशे फेसाचे."

"फेसाला दोनशे लिटर जागा? भाडं देतो का तो?"

"देत नाही. पण जागा दिली नाहीत तर घर सोडून बाहेर येतो."

आबा हसले आणि मला घेऊन गेले. जोवर ते होते तोवर रस रेघेला टेकला की ते नळ बंद करायचे. एकदाही चुकले नाहीत.

आमचे काम असे. मोड आणून वाळवलेले सातू भरडायचे, गरम पाण्यात भिजवायचे. त्यांचा गोड रस गाळून माझ्यात येतो. मी तो दीड तास उकळतो. उकळताना त्यात हॉप्सची कडू फुले पडतात. मग रस थंड होऊन शेजारच्या टाकीत जातो आणि तिथे यीस्ट त्याची बिअर करते. एकदा भरून उकळून रिकामा झालो की एक घाणा झाला. आठवड्याला एक घाणा. उकळण्यापलीकडचे मला विचारू नका.

धोक्याच्या वेळा दोनच. पहिली उकळी फुटते तेव्हा, आणि फुले पडतात तेव्हा. दूध जसे बराच वेळ गप्प राहून एकदम वर येते, तसाच हा रस येतो. दूध गेले तर शेगडी पुसावी लागते. हा गेला तर माणसाची कातडी जाते.

आबांच्या मागे त्यांचे दोन मुलगे राहिले. थोरले माझ्यापाशी उभे राहिले. धाकटा त्यांच्याहून चौदा वर्षांनी लहान, तो टाक्या आणि यीस्ट बघायचा. थोरल्यांची बायको, धाकट्याची वहिनी, पिंपांचा हिशेब आणि दोन्ही भावांची तोंडे सांभाळायची. दुसरे काम जास्त अवघड होते.

थोरले माझ्यासारखेच होते. जाड, ताठ, कोणाचे न ऐकणारे. माझ्यातली मोकळी जागा त्यांच्या डोळ्यांत खुपायची. आधी ते रेघेच्या दोन बोटे वर गेले. मग चार बोटे. एका हातात लांब लाकडी वल्हे, दुसऱ्या हातात गार पाण्याची नळी. फेस वर आला की वल्ह्याने फोडायचा, नाही ऐकला तर पाणी मारायचे. बर्नर पायाने कमीजास्त करायचे. आणि मी त्यांच्या हातून कधी उतू गेलो नाही. दुसऱ्या कारखान्यांतले लोक बघायला यायचे.

"औषध घालत नाही तुम्ही?"

"औषध आजाऱ्याला," थोरले म्हणायचे. "माझा हंडा नजरेवर चालतो."

हे ऐकून माझी छाती फुगायची. खरे सांगायचे तर तिथूनच माझे बिघडले.

हे औषध म्हणजे फेस मारणारे औषध. कारखान्यांत त्याला अँटीफोम म्हणतात. चमचाभर घातले की शेकडो लिटरचा फेस दबतो. मोठ्या कारखान्यांत ते कधीच आले होते. आमच्याकडे ते आणले धाकट्याने, अठ्ठ्याऐंशी सालच्या जानेवारीत. तीन नमुन्यांच्या बाटल्या त्याने माझ्यासमोरच्या बाकावर ओळीने मांडल्या.

"हे काय दुकान मांडलंस?" थोरले म्हणाले.

"दादा, तू फेस फोडतोस तो काठावर उडतो आणि तिथेच वाळतो. फुलांचा कडूपणा त्याला चिकटून जातो. नंतर मी तोच काठ खरवडत बसतो. चव हंड्यात राहायला हवी ना, की माझ्या खरवडणीवर?"

"आबांनी कधी औषध घातलं?"

"आबांनी कधी रेघ ओलांडली?"

थोरल्यांची नजर माझ्या रेघेकडे गेली.

वहिनीने घरातून तीन पातेली आणून दिली. "ही माझी दुधाची आहेत. वास लागून परत आली तर दोघांनाही त्यातच चहा पाजीन." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "दूध वर आलं की मी फुंकर मारते. ह्या धुडाला कोण फुंकर मारणार? भावजींचं बरोबर आहे."

धाकट्याने तिन्ही पातेल्यांत गोड रस घातला आणि खाली लहान शेगड्या पेटवल्या.

पहिली बाटली त्याने उघडून नाकाशी नेली आणि तशीच बाजूला ठेवली. "हे यंत्रातल्या तेलाचं आहे. कापडाच्या रंगाऱ्यांना चालतं. पोटात जायच्या वस्तूत चालतं असं कुठेही लिहिलेलं नाही."

"फेस मरतो ना पण?" थोरले म्हणाले.

"फेसाबरोबर गिऱ्हाईकही मरेल."

दुसरे वनस्पतीच्या तेलाचे होते. तिसरे दुधासारखे पांढरे, सिलिकॉनचे. ही दोन औषधे घातलेल्या पातेल्यांतला फेस वर आला, थबकला आणि खाली बसला. औषध न घातलेले तिसरे पातेले शेगडीवर उतू गेले. वहिनीने ओठ दाबून थोरल्यांकडे पाहिले.

पण धाकटा तिथे थांबला नाही. त्याने दोन्ही रस थंड करून दोन बाटल्यांत यीस्ट घातले आणि पंधरा दिवस वाट पाहिली. मग माझ्यासमोरच दोन ग्लास भरले. तेलाच्या औषधाची बिअर ग्लासात पडली आणि तिचा फेस तिथल्या तिथे विरला. पांढऱ्या औषधाच्या बिअरवर दोन बोटे फेस उभा राहिला.

"हंड्यात फेस नको, ग्लासात हवा," धाकटा म्हणाला. "हे पांढरं औषध यीस्टबरोबर तळाशी बसतं. वरची बिअर काढून घेतली की तिच्यात फारसं उरत नाही. पण मापात घालायला हवं. आठशे लिटरला एक पळी, बस."

असा तो निवडणारा होता. नाक, डोळे, जीभ, वेळ, सगळे खर्चून निवडणारा. मला तेव्हा ते बायकी वाटले. हे सांगतानाही मान खाली जाते.

पाच लिटरची रुंद तोंडाची पांढरी बरणी आली. थोरल्यांनी एकच अट घातली. "हंड्यात जे काही पडेल ते माझ्या हातानं पडेल. बरणीला तू हात लावायचा नाहीस."

"बरं दादा. फक्त वर लिहिलंय तसं कर."

"वाचता येतं मला."

येत होते. पण बरणीवरचे वाचून काम करणे त्यांना कमीपणाचे वाटायचे. बरणी कपाटात ठेवली गेली. दर घाण्याला थोरले झाकण काढायचे, वरची एक पळी भरायचे, माझ्यात टाकायचे आणि झाकण लावायचे. बरणी जागची हलायची नाही.

सुरुवातीचे आठ-दहा घाणे सोन्यासारखे गेले. औषध पडले की पोटात कोणीतरी गार हात फिरवल्यासारखे वाटायचे. फेस यायचा, रेंगाळायचा, बसायचा. थोरल्यांनी वल्हे भिंतीला टेकवून ठेवले. पाण्याची नळी गुंडाळली. आणि मला नऊशे लिटरपर्यंत भरू लागले. मग साडेनऊशे. औषध निवडले होते रेघेखाली चव राखायला. आम्ही दोघांनी त्याचा उपयोग रेघ विसरायला केला.

एप्रिल-मेपर्यंत पळीतले औषध पातळ वाटू लागले. मला कळले. गार हात फिरायचा, पण ओझरता. पुढे पुढे नुसते पांढुरके पाणी पडायचे. जड भाग बरणीच्या तळाशी बसला होता. थोरल्यांना वाटले, औषध जुने झाले, जरा लक्ष ठेवले की झाले. वल्हे पुन्हा हातात आले. कोणाला काही सांगितले नाही. ज्या औषधाला त्यांनी नाके मुरडली होती, ते चालेनासे झाले हे धाकट्याला सांगणे म्हणजे त्याच्याकडून शिकायला जाणे. तेवढी मान त्यांची वाकत नव्हती. माझीही नव्हती.

त्याच दिवसांत धाकट्याचा स्वतःचा घाणा ठरला. दोन वर्षे तो बाटल्यांमधून एक बिअर जमवत होता, निम्मे सातू आणि निम्मा गहू. आमची बिअर घेणारा एक बारवाला होता, मोठ्या पोटाचा आणि मोठ्या आवाजाचा. त्याने ती चाखली आणि बाकावर थाप मारली.

"आजवर मी थोरल्यांची बिअर घेत होतो. ही धाकट्याची म्हणून फळ्यावर लिहीन. एक घाणा करून दाखव. अशीच उतरली तर दर आठवड्याला दोन पिंपं."

धाकटा तिशी ओलांडलेला. तोवर तो फक्त थोरल्यांचा भाऊ होता. त्या दिवशी तो घरी जाताना शीळ घालत गेला.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी, तो घाणा लागला.

"दादा, आज रेघेवरच थांबू," धाकटा म्हणाला. "गहू आहे. गव्हाला फेस फार."

"तुझं औषध आहे ना?"

"आहे. तरी."

"बारवाल्याला दोन पिंपं द्यायचीत आणि भरतोस पाऊण हंडा? माझा हंडा मला माहीत आहे."

नळ चालू राहिला. रस रेघेवरून गेला, चार बोटे, वीतभर. मला थांबवता येत नव्हते, पण खरे हे की थांबावेसे वाटलेही नाही. गव्हाचा घाणा, तोही काठापर्यंत. मी दाखवणार होतो कोण आहे ते. थोरल्यांनी कपाट उघडले, बरणीवरची एक पळी माझ्यात टाकली. नुसते पाणी पडले.

पहिली उकळी थोरल्यांनी वल्हे मारमारून कशीबशी परतवली. तेव्हाच बर्नर बंद करून दोनशे लिटर काढून घ्यायला हवे होते. त्यांनी घाम पुसला.

धाकटा तीन पायऱ्यांच्या लाकडी घडवंचीवर चढला. फुलांचे त्याने तीन वाटे केले होते. पहिला वाटा टाकला, थांबला. मी वर आलो, खाली गेलो. दुसरा वाटा टाकला, थांबला. मी काठाला लागलो, खाली गेलो. तिसऱ्या वाट्याच्या वेळी त्याने माझ्या तोंडात पाहिले आणि म्हणाला, "दादा, औषध पडलंय ना नीट?"

"पडलंय म्हटलं ना. टाक."

त्याने टाकला.

त्यानंतरचे मला थांबवता आले नाही. मी सगळीकडून एकदम वर आलो आणि बाहेर पडलो. उकळता गोड रस पाण्यासारखा ओघळून जात नाही. तो चिकटतो. तो घडवंचीवरून धाकट्याच्या उजव्या गमबुटात शिरला. त्याने खाली उडी मारली, बूट ओढला, बूट निघेना. थोरल्यांनी बर्नर बंद केला, नळी सोडवली, बुटात गार पाणी सोडले. बूट शेवटी वहिनीने कात्रीने कापला. बुटाबरोबर आणखी जे निघाले ते मी पाहिले. ते सांगत नाही.

निम्मा घाणा जमिनीवरून वाहत गटारात गेला. माझ्यावरून ओघळलेला रस वाळून तपकिरी झाला. आयुष्यात पहिल्यांदा मला माझे पोट किळसवाणे वाटले.

दुसऱ्या दिवशी धाकटा दवाखान्यात होता आणि बारवाला आमच्याकडे आला. थोरले मला घासत होते. वहिनी दाराशी उभी होती.

"काय झालं हो? एवढ्या वर्षांत तुमचा हंडा कधी उतू गेला नव्हता."

थोरल्यांचा हात थांबला. मला त्यांचा हात कळतो. तो माझ्या काठावर घट्ट दाबला गेला.

"फुलं एकदम टाकली त्यानं," ते म्हणाले. "घाई झाली त्याला. नवीन माणूस."

बारवाल्याने चुकचुक केले. "मग राहू दे. घाई करणाऱ्याच्या हातचं मी फळ्यावर लिहीत नाही. तुमचीच द्या पहिल्यासारखी."

मला बोलता येत नाही हे खरे. पण मी स्वतःला विचारले, बोलता आले असते तर बोललो असतो का? नाही. मी थोरल्यांच्या बाजूचा होतो. उतू गेलो ते धाकट्यामुळे, असे ऐकताना मला बरे वाटले. माझे नाव राखले गेले. भाजलेल्या माणसाच्या जिवावर मी माझे नाव राखले, आणि मला बरे वाटले. ही माझी लाज. उतू जाणे तिच्यापुढे काहीच नाही.

महिन्याने धाकटा काठी टेकत आला. आत आला नाही. उंबऱ्याशीच उभा राहिला.

"दादा, बारवाल्याला काय सांगितलंस?"

"काय सांगायचं ते सांगितलं."

"मी तीनदा टाकली फुलं. तू समोर होतास."

"मी जे पाहिलं ते पाहिलं."

धाकट्याने माझ्याकडे पाहिले. रागाने नाही. साक्षीला बोलावतात तसे. मग तो गेला. पुढे कळले की दुधाच्या कारखान्यात लागला, पायामुळे बसून करायचे काम मिळाले. आमच्या बाजूला तो दोन वर्षे फिरकला नाही.

थोरल्यांनी माझ्या काठावरचा डाग विटेच्या पुडीने घासून काढला. लख्ख केला. आणि पुढच्या घाण्यापासून रस रेघेवर थांबवू लागले. बरोबर रेघेवर. एक बोट वर नाही. वहिनीने एक दिवस ते पाहिले.

"आता बरी रेघ दिसते तुम्हाला?"

"वय झालं. वल्हं मारवत नाही."

"हो का," ती म्हणाली आणि गेली.

असे घाणे चालले. बरणीतले पाणी कमी होत गेले. नव्वद सालच्या मे महिन्यात पळी तळाला लागली आणि दह्यासारखे घट्ट काहीतरी वर आले. थोरल्यांना वाटले, उरलेले वाया का घालवा. त्यांनी बरणी उपडी केली आणि बोटाने निपटून सगळे माझ्यात लोटले.

त्या दिवशी मी उकळत होतो आणि माझ्यावर एक बुडबुडा टिकत नव्हता. फुले पडली, काही नाही. विहिरीतल्या पाण्यासारखा मी गप्प. असा गप्प मी जन्मात नव्हतो. औषध काय करू शकते ते मला त्या दिवशी कळले, आणि सप्टेंबरमध्ये माझ्यात काय पडले नव्हते तेही.

तीन आठवड्यांनी बारवाला पिंप परत घेऊन आला. एक ग्लास भरून त्याने थोरल्यांच्या नाकासमोर धरला.

"फेस कुठे आहे? गिऱ्हाईक विचारतं, ही बिअर आहे की गार झालेला काळा चहा? कप-बशी द्या म्हणाला एक जण."

तो गेल्यावर थोरले कपाटापाशी गेले. रिकामी बरणी घेऊन उजेडात बसले. आत तळाशी पांढरा थर जागोजाग वाळला होता. त्यांनी तो नखाने उकरला. वहिनी आली, तिने बरणी हातातून घेतली, फिरवली आणि वाचली.

"वापरण्यापूर्वी बरणी चांगली हलवावी."

थोरले नखातला पांढरा थर काढत राहिले.

"अहो, हलवत होतात ना?"

थोरल्यांनी नख शर्टाला पुसले.

"म्हणजे त्या दिवशी हंड्यात पाणी गेलं. वर तुम्ही काठापर्यंत भरलेलं. मग भावजी कुठे चुकले?"

थोरल्यांनी तोंड फिरवले. ते माझ्या बाजूला फिरले आणि माझ्या लख्ख पोटात त्यांचे त्यांना तोंड दिसले. मी पहिल्यांदा ते झाकले नाही. एरवी मी वाफ सोडतो.

"आता मी जाऊन सांगू का त्यांना?" वहिनीने विचारले.

"नाही," थोरले म्हणाले. "त्याचं नाव मी घालवलंय. मीच देणार."

देणार म्हणाले, पण पाय उचलत नव्हता. जून गेला, जुलै गेला. स्वच्छ शर्ट घालून ते दारापर्यंत जायचे आणि काहीतरी विसरल्यासारखे परत यायचे. मग मला घासायला घ्यायचे. इतके घासायचे की मी पातळ होईन असे वाटायचे. मला त्यांचा राग आला नाही. उंबरा ओलांडायला जड जाते हे मला कसे कळणार नाही, मी तर जागचा हलत नाही.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी ते गेले आणि दारातून परत फिरले नाहीत. दुपारी आले. एकटे. वहिनीने पाणी दिले.

"काय म्हणाले भावजी?"

"काही नाही. मी म्हटलं, तुझा एक घाणा माझ्याकडे राहिलाय. मंगळवारी ये."

"आणि ते?"

"तिथल्या तिथे सांगणार होतो. तो म्हणाला, इथे नको. जिथे बोललास तिथे बोल."

मंगळवारी थोरल्यांनी पोती मोजून मांडली. निम्मे सातू, निम्मा गहू. फुलांचे तीन वाटे तीन वाडग्यांत. धाकट्याचा जुना कागद त्यांनी जपून ठेवला होता, त्याच्यावर बोट ठेवून एकेक वस्तू पाहिली. नवी बरणी बाकावर ठेवली. आणि बारवाल्याला बोलावून भिंतीशी उभे केले.

"मला कशाला उभं केलंय सकाळी सकाळी?" तो कुरकुरला. "पिंप फुकट देणार असाल तर तसं सांगा."

"उभा राहा," थोरले म्हणाले.

धाकटे आले. आता त्यांना अरे-तुरे करायला माझी जीभ धजत नाही. उजवा पाय जरा ओढत आले. उंबऱ्याशी थांबले, मग आत आले. वहिनीने नवे गमबूट पुढे ठेवले. त्यांनी ते घातले.

रस माझ्यात येऊ लागला. थोरले नळापाशी उभे होते. रस रेघेला टेकला. त्यांनी नळ बंद केला आणि धाकट्यांकडे पाहिले. धाकट्यांनी वाकून रेघ पाहिली, मान हलवली.

थोरल्यांनी बरणी उचलून त्यांच्या हातात दिली. धाकट्यांनी झाकण घट्ट केले आणि बरणी दोन्ही हातांनी हलवली. वर, खाली, आडवी. किती वेळ हलवली. फक्त आतल्या औषधाचा आवाज. मग झाकण काढून एक पळी भरली, माझ्यात सोडली. दोन वर्षांनी माझ्या पोटात तो गार हात फिरला.

पहिली उकळी फुटली. मी वर आलो. गहू होता, जोर मोठा होता. काठापासून चार बोटे खाली थबकलो आणि बसलो. वल्हे भिंतीलाच राहिले.

धाकटे घडवंचीवर चढले. दुखऱ्या पायाने, एकेक पायरी. पहिला वाटा टाकला, थांबले. दुसरा टाकला, थांबले. तिसरा वाडगा हातात घेतला.

"थांब जरा," थोरले म्हणाले.

ते बारवाल्याकडे वळले. आवाज नेहमीचाच, जाड.

"नीट ऐक. दोन वर्षांपूर्वी इथेच उभं राहून मी तुला सांगितलं की ह्यानं फुलं एकदम टाकली. ते खोटं होतं. त्यानं तीनदाच टाकली, आत्ता टाकतोय तशी. रेघेच्या वर मी भरलं होतं. बरणी मी हलवली नव्हती. त्यानं विचारलं तरी मी टाक म्हटलं. पाय त्याचा भाजला आणि नाव मी त्याचंच घालवलं."

वहिनीने पदराने डोळे पुसले. थोरले धाकट्यांकडे वळले.

"टाक आता."

धाकट्यांनी तिसरा वाटा टाकला. मी वर आलो, थबकलो आणि बसलो.

रेघेपर्यंत भरलेला घाणा. एक थेंब जमिनीवर पडला नाही.